व्ही. हॅगन्स, बहुधा दिवंगत

आमच्या कुकरची तिसरी शिट्टी बेसूर होते, हे मला शिकागोला आल्यावर नवव्या दिवशी कळलं. तोच कुकर नागपुरात चार वर्षं वापरला होता. तिथे कोणाची तक्रार नव्हती.

दार वाजलं म्हणून उघडलं, तर समोर एक उंच कृष्णवर्णीय बाई. पंचाहत्तरीच्या आसपास. अंगात जांभळा गाउन, पायात लोकरी सपाता आणि हातात, का कोण जाणे, चामड्याचे हातमोजे.

"पहिल्या दोन ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "तिसरी फ्लॅट जाते, सुराच्या खाली."

मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय. मी घाईघाईने सॉरी म्हणायला लागले.

"सॉरी कशाला? त्याचं रबर बदल. अर्ध्या सुराचा प्रश्न आहे." एवढं बोलून त्या जिना उतरायला लागल्या. वळणावर थांबून म्हणाल्या, "आणि वास छान येतोय."

मी रबर बदललं. शिट्टीत काय फरक पडला हे मला कळेना, पण संध्याकाळी खालच्या मजल्यावरून छताला तीन ठोके पडले. पसंतीचे असावेत.

त्या मिस वर्नेल. डेव्हन ॲव्हेन्यूवर एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमची बिल्डिंग होती. त्या दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या. माझं नाव मृणाल. ते त्यांनी दोनदा उच्चारून पाहिलं, दोन्ही वेळा 'ण'पाशी अडखळल्या आणि मग माझं नाव कायमचं 'थर्ड फ्लोअर' करून टाकलं. माझा नवरा शिरीष हा 'मिस्टर थर्ड फ्लोअर' आणि आमची पाच वर्षांची इरा ही 'मेझनीन', म्हणजे अर्धा मजला. बाई अर्थात इंग्रजीत बोलत, पण इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात मराठी होऊन बसलंय, त्याला इलाज नाही.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी शहराची बस चालवली होती. हातमोजे तेव्हाचे. निवृत्त झाल्या तरी बाईंच्या अंगातून बस उतरली नव्हती. किराण्याची ट्रॉली ढकलताना मोजे घालत. दुकानात वळण आलं की आधी डावीकडे बघत, मग उजवीकडे, मग मागे आणि मगच डाळींच्या रांगेत शिरत. कोणी मध्येच ट्रॉली उभी करून फोनवर बोलत असलं, तर शांतपणे मागे उभं राहून म्हणत, "मॅडम, हा बसस्टॉप आहे." त्या इतक्या अधिकाराने म्हणत, की समोरची बाई सॉरी म्हणून बाजूला व्हायची आणि नंतर इकडेतिकडे स्टॉप शोधायची.

त्यांच्या कानाला जगातल्या प्रत्येक गोष्टीचा सूर ऐकू यायचा. फ्रिज कोणत्या पट्टीत गुणगुणतो, आमचा पोस्टमन कोणत्या पट्टीत शिंकतो, सगळं त्यांना पाठ. माणसांचीही त्यांनी दोनच गटांत वाटणी केली होती: सुरातली आणि फ्लॅट. आमचा घरमालक फ्लॅट. बँकेतला हसरा मॅनेजर फारच फ्लॅट. शिरीष? "सुरात आहे. पण फार हळू वाजतो."

बसचे थांबे पुकारणं हे तर त्यांचं खरं काम. पूर्वी ड्रायव्हर स्वतः पुकारायचा. मिस वर्नेल ते चालीवर पुकारत. 'वेस्टर्न' दोन सुरांत, खालून वर. 'कॅलिफोर्निया' नावाचा थांबा मात्र असा लांबवर ताणायच्या की डिसेंबरच्या थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला क्षणभर समुद्र दिसावा. पुढे बसमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज आला. बाईंनी त्याच्याशी उघड भांडण मांडलं. यंत्र 'केडझी' म्हणालं की त्या माइक उचलून म्हणायच्या, "ऐकलंत? आता माणसाकडून ऐका." वरिष्ठांनी त्यांना दोनदा लेखी समज दिली. ती दोन्ही पत्रं त्यांच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेली होती.

एवढा सूर अंगात असलेली बाई गात मात्र नसे. कधीच नाही. हे माझ्या लक्षात आलं ते आमच्या घरच्या गणपतीत.

आमच्या त्या टीचभर हॉलमध्ये आठ कुटुंबं जमली होती, बहुतेक पुण्याची, दोन नागपूरची, सगळी सॉफ्टवेअरमधली. आरती सुरू झाली आणि दर वर्षीप्रमाणे तिचा वेग वाढत गेला. झांजा वाजवणारे देशपांडेकाका दुसऱ्या कडव्यात पुढे निघून गेले, बाकीचे धापा टाकत त्यांच्या मागे. तेवढ्यात खोलीच्या कोपऱ्यातून एक खालचा, रुंद सूर आला. शब्द नव्हते, नुसता हुंकार. पण काय झालं कोण जाणे, सगळे आपोआप त्या सुरावर टेकले. काकांच्या झांजा मंदावल्या. आमच्या घरी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आरती सगळ्यांची एकाच वेळी संपली.

"तुम्ही लोक ब्रेक न लावता उतारावरून येता," मिस वर्नेल मोदकात सुरी घालत म्हणाल्या.

"मिस वर्नेल, तुम्ही गाता!" शिरीष म्हणाला.

"गात नाही. टेकू देते." आणि मोदकाकडे बोट दाखवून त्यांनी विषय बदलला. "याच्यावर हॉट सॉस टाकलं तर कोणाच्या भावना दुखावतील का?"

दुखावल्या. पण त्यांनी टाकलंच, आणि निघताना दुसरा मोदकही सॉससकट खाल्ला.

त्यानंतरच्या वसंतात, एका शनिवारी सकाळी, आम्ही दोघी नसीमआपांच्या पार्लरमध्ये बसलो होतो. नसीमआपा हैदराबादच्या. त्यांचं पार्लर आमच्याच फुटपाथवर, दोन खुर्च्यांचं. भुवया कोरण्यात त्यांचा हात धरणारं शिकागोत कोणी नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं आणि आमचंही. पार्लरमध्ये एक जुना रेडिओ असायचा. शनिवारी अकरापर्यंत एका छोट्या लोकवर्गणीच्या स्टेशनवर जुनी हिंदी गाणी लागत, म्हणून आपा तो लावत. अकरानंतर त्याच स्टेशनवर जुन्या रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्ड वाजवणारा एक कार्यक्रम सुरू व्हायचा. तो आपांना ऐकायचा नसे, पण दोन्ही हातांत आणि दातांत दोरा असताना रेडिओ बंद कोण करणार? म्हणून तोही वाजत राहायचा.

मिस वर्नेल खुर्चीत मान मागे टाकून पडल्या होत्या. डावी भुवई झाली होती. रेडिओवर एक गाणं लागलं. आधी ड्रम, मग सॅक्सोफोन, मग एक भारदस्त पण कोवळा आवाज, जसा चर्चमध्ये वाढलेल्या आणि चर्चमधून नुकत्याच पळालेल्या माणसाचा असावा. तू जाणार असशील तर जा, पण जाताना दार ओढून घे, बाहेर थंडी आहे, असं काहीसं गाणं होतं. शिकागोतलंच असणार. तिसऱ्या कडव्यात तो आवाज एकदम असा किंचाळला की माझ्या अंगावर काटा आला.

मी बाजूला बघितलं. मिस वर्नेल खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"बाजी, हिलो मत," नसीमआपा दोरा सोडून म्हणाल्या. मिस वर्नेलना त्या बाजी म्हणत, म्हणजे ताई.

गाणं संपलं. रेडिओवरचा माणूस बोलायला लागला. "हे होते व्ही. हॅगन्स. व्हिक्टर असेल किंवा व्हिन्सेंट. आवाजावरून विशीतला पोरगा. एकच रेकॉर्ड काढली, तिच्या मागच्या बाजूला हे गाणं, आणि मग गायब. काहीच माहिती नाही. बहुधा दिवंगत. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."



"आधी मला पुरुष केलं," मिस वर्नेल सावकाश म्हणाल्या, "मग मारलं, आणि वर शांतीसुद्धा दिली!"

मला अजून उलगडा होईना. "म्हणजे?"

"म्हणजे तो मी आहे, थर्ड फ्लोअर! तो पोरगा मी आहे! फोन काढ!"

मी फोन काढला. रेडिओवाल्याने नंबर सांगितलाच होता. मी तो लावून स्पीकर चालू केला. तिकडून एका बाईने होल्डवर ठेवलं. मिस वर्नेल एका भुवईनिशी दारापर्यंत जाऊन परत येत होत्या, पुन्हा दारापर्यंत. नसीमआपा दोरा घेऊन त्यांच्या मागोमाग. "अरे बाजी, आधा चेहरा लेके घूमोगे क्या? बैठो! होल्ड पे तो हो!" शेवटी आपांनी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि उजव्या भुवईला हात घातला.

एवढ्यात तो रेडिओवाला स्वतः लाइनवर आला. त्याचं नाव डॉक्टर गस. आठवडाभर तो दातांचा डॉक्टर, फक्त शनिवारी दोन तास रेडिओवर.

"मॅडम," तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "व्ही. हॅगन्सबद्दलचा हा मला आलेला चौथा फोन. पहिल्याचे ते काका होते, दुसऱ्याचे ते गाडीचे मेकॅनिक होते, तिसरा म्हणाला ते सध्या त्याच्या शेजारी बसलेत आणि झोपलेत. तुमच्याकडे काही पुरावा आहे का?"

"पुरावा मी स्वतः आहे."

"मग दोन ओळी गाऊन दाखवता?"

इतक्या धडाकेबाज बाई, पण त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. "मी गात नाही," त्या म्हणाल्या.

"बरोबर," तिकडून डॉक्टर गस म्हणाला. "समजलं. फोनबद्दल आभार, मॅडम."

आणि नेमकं त्याच क्षणी नसीमआपांनी दोरा ओढला.

मिस वर्नेल किंचाळल्या.

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग डॉक्टर गस, अगदी हळू: "पुन्हा एकदा."

"काय पुन्हा एकदा? दुखतं!"

"तोच आवाज! तिसरं कडवं! वीस वर्षं मी ती किंकाळी ऐकतोय! काय एकटेपणा आहे त्यात, काय वेदना! मी माझ्या पेशंट्सना ऐकवतो!"

"वेदना खरीच होती," मिस वर्नेल म्हणाल्या. "सॅक्सोफोनवाल्याच्या स्टुलाचा पाय माझ्या अंगठ्यावर आला होता. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता, स्टुडिओत पुढचे लोक येऊन बसले होते. म्हणून ते तसंच ठेवलं."

डॉक्टर गस रडत होता की हसत होता, फोनवरून कळेना. त्याने त्यांना पुढच्या शनिवारी स्टेशनवर यायचं आमंत्रण दिलं. नसीमआपांना एवढंच कळलं की आपल्या दोऱ्यामुळे काहीतरी मोठं झालंय. त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना चहा पाजला आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "इनकी चीख रेडियो पे आती है."

घरी परतताना जिन्यात मिस वर्नेल मध्येच बसल्या. मीही बसले. आणि तिथे त्यांनी मला सगळं सांगितलं, पुढे बघत, जशी बस चालवताना बोलत असाव्यात.

एकोणीस वर्षांच्या असताना ती रेकॉर्ड निघाली. कंपनीच्या मालकाला वर्नेलमध्ये एक 'ल' की दोन हे आठवेना, म्हणून त्याने लेबलवर नुसतं 'व्ही' छापलं. एका रेडिओवाल्याने शब्द दिला, अमुक रविवारी दुपारी वाजवतो. बाईंनी गल्लीभर सांगितलं. आईने सकाळपासून स्वयंपाक केला. घरात अठरा माणसं जमली. सगळी रेडिओभोवती बसली. कार्यक्रम सुरू झाला, संपला. गाणं लागलं नाही.

"कोणी काही बोललं नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी जेवणाची स्तुती केली. काय चिकन झालंय, काय पाव झालाय. लक्षात ठेव, थर्ड फ्लोअर. माणसं गाण्याऐवजी जेवणाची स्तुती करायला लागली की समजावं."

पुढचे तीन महिने त्या रविवारी रेडिओजवळ बसायच्या, एकट्याच. मग बसणं सोडलं. मग गाणंही. घरातली एकुलती एक रेकॉर्ड बहिणीने कुंडीखाली ठेवली, ती वाकडी झाली.

"पुढच्या शनिवारी मी येते तुमच्याबरोबर," मी म्हणाले.

"ये. पण कोणाला सांगायचं नाही. आणि स्वयंपाक करायचा नाही!"

मी सांगितलं नाही. शिरीषला सोडून. शिरीषनेही सांगितलं नाही, देशपांडेकाकांना सोडून. शनिवारी आम्ही बसने निघालो तेव्हा डेव्हनवरच्या मिठाईच्या दुकानातून माणसं हात हलवत होती. मिस वर्नेलनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. बसमध्ये त्या पहिल्या सीटवर बसल्या आणि स्टेशन येईपर्यंत नव्या ड्रायव्हरच्या ब्रेकला मार्क देत राहिल्या. "सहा. चार. अरे देवा, दोन."

स्टेशन एका चर्चच्या तळघरात होतं. दोन खोल्या, एक टेबल, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. डॉक्टर गस साठीचा, गुटगुटीत, कानावर केसांचे दोन झुपके. दातांच्या डॉक्टरांची एक सवय असते. पेशंटचं तोंड कापसाने भरलेलं असताना प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच द्यायचं. तीच सवय त्याने रेडिओवर आणली होती. "मिस हॅगन्स, त्या काळी हे फार कठीण गेलं असेल नाही? गेलंच असणार. आणि तुमच्यावर चर्चचा प्रभाव? होताच."

पाच मिनिटांनी मिस वर्नेलनी टेबलावर हात ठेवला. "डॉक्टर, माझं तोंड रिकामं आहे."

त्यानंतर मुलाखत खरी सुरू झाली, अंगठ्याच्या गोष्टीसकट. मग त्याने ती रेकॉर्ड लावली. छपन्न वर्षांनी त्यांनी ती पहिल्यांदा नीट ऐकली. पार्लरमध्ये भुवईच्या गडबडीत अर्धीच ऐकली होती. त्या हनुवटीखाली हात ठेवून, डोळे मिटून ऐकत होत्या. मी काचेच्या दाराबाहेर उभी होते. गाणं संपलं. डॉक्टर गस काही बोलायच्या आत त्या माइकमध्ये म्हणाल्या, "मुलगी बरी आहे. दुसऱ्या कडव्यात घाई करते. पण बरी आहे."

आणि फोन वाजला.

डॉक्टर गसने मोठ्या उत्साहाने तो थेट कार्यक्रमात घेतला. रेकॉर्ड जमवणारा कोणी जाणकार असेल अशी त्याची अपेक्षा. तिकडे एक म्हातारी नर्स होती.

"गाण्यातलं मला काही कळत नाही," ती म्हणाली. "पण हा बोलण्याचा आवाज! ही आमच्या सकाळच्या बसची बाई आहे ना? मी धावत येतेय हे दिसलं की ती थांबायची. रोज!"

"निळा कोट," मिस वर्नेल म्हणाल्या. "एका हातात बूट."

"हो!" नर्स ओरडली. "बूट मी बसमध्ये घालायचे!"

दुसरा फोन. एक निवृत्त शिक्षक. त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं सुरातलं काही असेल, तर ते त्यांच्या बसमधलं 'कॅलिफोर्निया'. तिसरा फोन, चौथा फोन. एकाचं पाकीट त्यांनी परत केलं होतं. एकीला बसमध्ये कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी बस सरळ हॉस्पिटलच्या दारात नेली होती, सगळ्या प्रवाशांसकट. डॉक्टर गस केविलवाणा होऊन दर वेळी विचारायचा, "आणि गाणं कसं वाटलं?" पलीकडून उत्तर यायचं, "छान, छान. पण मला सांगा, ती अजून हातमोजे घालते का?"

मिस वर्नेल हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग खुर्ची हलली, मग त्या हसत हसत टेबलाखाली घसरल्या आणि रेडिओवर तब्बल अर्धा मिनिट नुसतं हसणं ऐकू गेलं. एक त्यांचं, एक डॉक्टरचं. बाहेर मी आणि त्या चर्चचा झाडूवाला, आम्हीही हसत होतो, एकमेकांना ओळखत नसताना.

शेवटचा फोन क्लाइडचा होता.

"वर्नेल," एक घोगरा आवाज म्हणाला, "स्टूल माझं नव्हतं."

त्या टेबलाखालून वर आल्या. "क्लाइड? तू जिवंत आहेस?"

"चौऱ्याऐंशी पूर्ण. आणि पन्नास वर्षं मी पोरांना सांगत आलोय की माझा सॅक्सोफोन ऐकून तुझ्या तोंडून ती किंकाळी निघाली. आता तू रेडिओवर अंगठा म्हणून सांगतेस! माझ्या घरात मला तोंड दाखवायला जागा नाही!"

त्यानंतर गाणं फिरायला लागलं. डॉक्टर गसचे इतर शहरांतल्या छोट्या स्टेशनांवर दोस्त होते. त्यांनी ते वाजवलं. मग डेट्रॉइटमध्ये, मग ॲटलांटात, मग कुठल्या कुठल्या नावांच्या गावांत. दर वेळी वाजवणारा नीट नाव घेई: मिस वर्नेल हॅगन्स, हयात. 'हयात' हा शब्द त्यांनी डॉक्टरला लावायलाच लावला होता.

एकदा तर आम्ही दोघी डेव्हनवरच्या किराणा दुकानात भेंडी निवडत होतो आणि छतावरच्या स्पीकरमधून ते लागलं. मिस वर्नेल भेंडी हातात धरून पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. शेजारी एक गुजराती आजी भेंडीची टोकं मोडून बघत होत्या. त्यांना मिस वर्नेल म्हणाल्या, "ही मी आहे."

आजींनी आधी भेंडीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "ओके, ओके," म्हणत ट्रॉली घेऊन त्या लगबगीने वांग्यांकडे गेल्या.

"सुरातली आहे," मिस वर्नेल मला म्हणाल्या. "फक्त घाबरली."

क्लाइड आता वरचेवर यायला लागला होता. दोघं दुसऱ्या मजल्यावर स्टुलावरून भांडत, डॉक्टर गस मध्यस्थी करी. आणि एक दिवस भांडण बंद झालं. खालून पेटीसारखं काहीतरी वाजायला लागलं. दुसऱ्या दिवशी मिस वर्नेल वर आल्या, खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ हातमोजा काढत-घालत राहिल्या.

"डॉक्टर म्हणतोय, नवं गाणं रेकॉर्ड करू. क्लाइडने चाल केली आहे. शब्द माझे."

"मग?"

"मग काय? माझा आवाज चार पायऱ्या खाली उतरलाय. एकोणीस वर्षांची ती पोरगी लोकांना आवडली आहे. आता तिच्या जागी ही म्हातारी जाऊन उभी राहिली तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला खरोखर काही विचारलं होतं. "तू सांग. फ्लॅट वाटेल का?"

संगीतातलं मला काय कळतं? मी खरं तेच सांगितलं. "मिस वर्नेल, आमच्याकडे आठ घरं आरती म्हणतात, कोणी कोणाचं ऐकत नाही. तुम्ही नुसतं हूं केलंत आणि सगळी तुमच्यावर टेकली. तो आवाज आत्ताचाच होता. त्या पोरीचा नव्हता."

त्या हातमोजा चढवून उठल्या. निघताना दारात थांबून म्हणाल्या, "मंगळवारी. सकाळी दहा वाजता. तू असशील ना?"

त्याच मंगळवारी आम्ही शिकागो सोडणार होतो. शिरीषला चँडलरला, ॲरिझोनात, चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली होती. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी गेला होता. विमान दीडचं. मी शिरीषला म्हटलं, "मी स्टुडिओत जाणार. तू इराला आणि बॅगा घेऊन टॅक्सीने तिथे ये, तिथूनच जाऊ."

"अगं, एअरपोर्ट उलट्या दिशेला आहे यार!"

"असू दे," मी म्हणाले. आणि शिरीष, जो फार हळू वाजतो, तो म्हणाला, "ठीक आहे. साडेअकराला खाली असतो."

स्टुडिओ खराखुरा होता. डॉक्टर गसने त्या दिवशी दवाखाना बंद ठेवला होता आणि सकाळपासून तो सगळ्यांना बर्फाचं पाणी देत फिरत होता. क्लाइड काळ्या सुटात, ऑक्सिजनच्या छोट्या नळकांड्याशेजारी सॅक्सोफोन घेऊन बसलेला. ड्रमवर एक पोक्त बाई. कोणाच्या तरी माइकमधून खरखर येत होती, कोणाची तरी वायर सापडत नव्हती, साडेअकरा वाजत आले तरी सुरुवात होईना. माझा फोन पर्समध्ये गुरगुरत होता. शिरीष खाली आला होता.

मी जाड काचेच्या अलीकडे उभी होते. मिस वर्नेल आत माइकसमोर, हेडफोन एका कानावर सरकलेला. त्यांनी काचेतून मला पाहिलं आणि हाताने खूण केली: जा. उशीर होईल. मी मान हलवली: नाही. त्यांनी पुन्हा खूण केली. मी पुन्हा मान हलवली. तेवढ्यात वरचा लाल दिवा लागला, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाने आपले हेडफोन चढवले. काचेच्या अलीकडे आता काहीही ऐकू येणार नव्हतं.

मिस वर्नेलनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

मी एक अक्षरही ऐकलं नाही. फक्त पाहिलं. त्यांची मान सावकाश मागे गेली. गळ्याची शीर ताठ झाली. एक हात माइकच्या दांडीवरून सुटला आणि कोणाला तरी जवळ बोलवावं तसा हवेत उघडला. डॉक्टर गस पाण्याचा पेला कलंडलेला धरून उभा होता आणि पाणी त्याच्या बुटावर पडत होतं. ड्रमवाल्या बाईची काठी वरच राहिली. क्लाइडने सॅक्सोफोन ओठांना लावला, फुंकर मारायला श्वास घेतला, आणि मग तो खाली मांडीवर ठेवला. त्याची पाळी होती. पण तो वाजवेना. तो नुसता त्यांच्याकडे बघत राहिला.

फोन पुन्हा गुरगुरला. मी मागे मागे चालत दारापर्यंत गेले. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते, आणि त्या अजून गात होत्या.